टू-स्ट्रोक इंजिनाची ठकठक व तिचा उपाय

स्पेनमधील बुल्टाको कारखान्यानें १९६४ सालीं सॅमी मिलर यांच्या साह्यानें 'शेर्पा टी' ही मोटारसायकल सिद्ध केली. पाय न टेकतां खडकांवरून जाण्याच्या कसोटीसाठीं ती होती. १९६५ सालीं मिलर यांनीं तिजवर स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी जिंकली. अशा जुन्या गाड्यांचें इंजिन चढावर ठकठकतें, ही मालकांची तक्रार असते. फवारणी पंपाचें पेट्रोल इंजिनही पुष्कळदां याच जातीचें असल्यानें आम्ही तिचा विचार येथें करीत आहों.

प्रथम आवाज ओळखावा. थंडपणीं वाजणारें इंजिन तापल्यावर शांत झालें, तर पिस्टन सैल असतो. खडखड सदैव असेल, तर बेअरिंग झिजलेलें असतें. तापल्यावर भार पडतांच होणारी टणटण मात्र मिश्रण आपोआप भडकल्याची होय. तिकडे दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोंक पडतें.

कारणें मुख्यतः तीन. हेडांत काजळी सांचून दाब वाढतो. ती लांकडी काडीनें खरवडावी. ठिणगी फार लवकर पडते; ती कारखान्याच्या पुस्तिकेंतील मापास आणावी. तिसरें कारण फसवें आहे. मिश्रण क्रँकच्या पेटींतून वर जातें. तेथील रबरी सील वाळलें कीं बाहेरची हवा शिरते, पेट्रोलचें प्रमाण घटतें व इंजिन अति तापतें. मूठ सोडूनही इंजिन लवकर मंदावत नाहीं, ही त्याची खूण. आम्हीं आमच्या पंपाचा कार्ब्युरेटर तीनदां उघडला. दोष सीलांत निघाला. तेव्हां आधीं सील पाहावें, मग कार्ब्युरेटरास हात लावावा.