बल्ब, अंड्यांचे ट्रे आणि भोपळा

फ्रायडे नाइटचा प्लॅन काय? पिक्चर? पब? आमच्या घरमालकीणबाईंचा प्लॅन फिक्स असायचा. परसात बल्ब लावायचा आणि खुशाल झोपायचं!

प्रोजेक्टसाठी इंग्लंडमध्ये, रीडिंगला होतो तेव्हाची गोष्ट. मार्चची बोचरी थंडी आणि या सत्तरीच्या बाई बागेत लाकडी खोकं मांडतायत. वर बल्ब, त्याखाली नरसाळं, आत अंड्यांचे कागदी ट्रे. फंडा एकदम सोपा. उजेडाकडे आलेले पतंग (संक्रांतीचे नव्हेत, पंखवाले!) नरसाळ्यातून आत घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत गपचूप बसून राहतात. पहाटे, रॉबिन पक्षी नाश्त्याला हजर व्हायच्या आत, ट्रे उचलायचे, नाव आणि आकडा वहीत लिहायचा, की पाहुणे झुडपात रवाना.

नावं तर एकेक भन्नाट! 'हिब्रू कॅरेक्टर'च्या पंखांवर हिब्रू अक्षरासारखी काळी खूण. 'कॉमन क्वेकर' साधासुधा, तपकिरी. क्वेकर पंथीयांच्या साध्या कपड्यांची आठवण करून देणारा. 'क्लाउडेड ड्रॅब' म्हणजे तर निव्वळ सोमवार सकाळ! आठवड्याभरात मीही ऑफिसआधी बागेत पळायला लागलो.

ढगाळ, उबदार, बिनवाऱ्याची रात्र असली की खोकं हाउसफुल्ल. पण एकदा पौर्णिमा होती, वर कडाक्याची थंडी. सकाळी सगळे ट्रे रिकामे. लिहायचं काय, म्हणून मी वही मिटली. बाईंनी ती पुन्हा उघडली.

"शून्य लिही. पान कोरं राहिलं तर पुढे कुणाला कळणार, पतंग नव्हते की आपण झोपलो होतो?"

तेव्हा हसू आलं होतं. पण इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९३३ साली असा दिव्याचा सापळा लागला, पुढे देशभर त्यांचं जाळं झालं आणि रात्रीमागून रात्री मोजणी चालू राहिली. म्हणूनच २०२१ च्या अहवालात ठामपणे सांगता आलं, की १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. पतंग गेले की सुरवंट गेले, आणि ब्लू टिटसारखे पक्षी पिल्लांना भरवतात ते सुरवंटच.

पुण्याला परतल्यावर गॅलरीत पांढरी चादर टांगली, समोर बल्ब लावला. पहिल्या रात्री आले ते शेजारचे काका. "एवढ्या रात्री काय वाळत घातलंय रे?"

वहीत लिहिलं : पतंग, शून्य.