नर्सिंगची शाळा आणि रुग्णालयाचा वॉर्ड

बारावीनंतर आपल्या समाजातील अनेक मुली, आणि आता मुलेही, नर्सिंगकडे वळत आहेत. प्रवेशाच्या वेळी पालक फी विचारतात, वसतिगृहाची चौकशी करतात. पण शाळा कोणत्या रुग्णालयाशी जोडलेली आहे, हे क्वचितच विचारतात. खरे तर पहिला प्रश्न तोच हवा.

सन 1860 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. शिकाऊ मुलींचा खर्च निधीने सोसायचा, वॉर्ड आणि शिकवणाऱ्या सिस्टर रुग्णालयाने द्यायच्या, अशी ती व्यवस्था होती. तरीही कामाच्या रेट्यात शिक्षण मागे पडते, हे पुढे नाइटिंगेलबाईंच्याच ध्यानात आले.

आपल्याकडे नवीन शाळेसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिल किमान 100 खाटांचे स्वतःचे रुग्णालय मागते. तेथे प्रसूती, बालरोग, मनोरुग्ण हे विभाग पुरेसे नसतील, तर इतर रुग्णालयांशी लेखी संलग्नता करावी लागते. इंजेक्शन कोठे द्यावे हे पुतळ्यावर शिकता येते. घाबरलेल्या रोग्याला धीर देत ते कसे द्यावे, हे वॉर्डातच कळते. मात्र सोबत शाळेची शिक्षिका हवी. नाहीतर विद्यार्थिनीचा दिवस चादरी बदलण्यात आणि निरोप पोचवण्यात जातो, व रुग्णालयाला फुकटचे हात मिळतात!

म्हणून पैसे भरण्यापूर्वी रुग्णालय स्वतः पाहून यावे. खाटांवर रोगी आहेत का, वॉर्डात शिक्षिका येतात का, ने-आण कोण करते, हे तेथील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना विचारावे.