उत्पादक कंपनीचे इंटरनेटवरील नाव : निवड व नोंदणी

नवी उत्पादक कंपनी उभी करताना भागभांडवल, गोदाम, प्रतवारी यांचा विचार आपण बारकाईने करतो. मात्र ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक आपल्याला इंटरनेटवर शोधणार तो पत्ता, म्हणजेच डोमेन नाव, बहुधा घाईगर्दीत आणि दुसऱ्याच्या हातून घेतला जातो. खोक्यांवर नाव छापून झाल्यावर ते आधीच कोणीतरी घेतल्याचे कळते. कधी नाव आपलेच असते, पण त्याचा ताबा आपल्याकडे नसतो. दोन्ही प्रकारांत पैसा आणि बाजारातील ओळख वाया जाते.

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी नोंदवून घ्यावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. 'डॉट कॉम' नावाची नोंद एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत करता येते. शेवटी 'डॉट इन' असलेल्या भारतीय नावांचे काम 'निक्सी' ही संस्था पाहते. प्रत्यक्ष नोंदणी मात्र रजिस्ट्रार म्हणून मान्यता असलेल्या कंपन्यांमार्फत होते.

नाव कसे निवडावे

नाव लहान, उच्चारास सोपे आणि एकाच प्रकारे लिहिता येईल असे असावे. यातील तिसरी अट मराठी नावांना सर्वांत जड जाते, कारण पत्ता बहुधा रोमन लिपीत लिहिला जातो. 'कृषी' या शब्दात 'आर' नंतर कोणी 'आय' घालतो, कोणी 'यू'. 'समृद्धी'त 'डी' एक की दोन, यावर घरातल्या घरात एकमत होत नाही. 'ज्ञ' आणि 'फ' असलेल्या शब्दांचीही तीच गत. म्हणून निवडलेले नाव फोनवरून परगावच्या पाच-सहा व्यक्तींना सांगावे आणि लिहून पाठवायला सांगावे. बहुतेकांनी एकसारखे लिहिले तर नाव चालेल. वेगवेगळे लिहिले तर दुसरे नाव शोधावे, किंवा चुकीची एक-दोन रूपेही आपल्याच नावावर नोंदवावीत. नावात आकडे आणि आडवी रेघ टाळावी. फोनवर सांगताना ती हमखास राहून जाते.

पिकाचे नाव घालण्याचा मोह होतो. डाळिंबाच्या नावाने कंपनी काढली आणि तेल्या रोगामुळे बागा काढून सभासद दुसऱ्या पिकाकडे वळले, तर नाव मागे राहते आणि माल वेगळा होतो. त्यापेक्षा नदी, डोंगर, शिवार यांवरून घेतलेले नाव अधिक टिकते. 'हापूस', 'नागपूर संत्रा' यांसारख्या नावांना भौगोलिक मानांकन आहे. हापूसला ते २०१८ साली मिळाले. अशी ओळख त्या भागातील सर्व उत्पादकांची असते. ती एका कंपनीचे खासगी नाव म्हणून वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसऱ्याच्या नावाजलेल्या नावात एखादे अक्षर बदलून आपले नाव करणे तर पूर्णपणे टाळावे. 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' या नावांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली 'रॅडिफ' वापरण्यास मनाई केली. पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले.

क्रम महत्त्वाचा

कंपनी कार्य मंत्रालयाकडे नाव मंजूर झाले म्हणजे इंटरनेटवरील नाव मिळाले असे नाही. हे दोन वेगळे दप्तर आहेत. म्हणून मंजुरीचा अर्ज करण्यापूर्वी तीन ठिकाणी शोध घ्यावा : मंत्रालयाची नावांची यादी, व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाची यादी आणि रजिस्ट्रारचे शोधपान. व्यापारचिन्हांत ताजी फळे व भाजीपाला वर्ग ३१ मध्ये, तर तांदूळ, पीठ, मसाले, मध वर्ग ३० मध्ये येतात. डोमेन नाव मोकळे दिसल्यास त्याच दिवशी नोंदवावे. खर्च कंपनी नोंदणीच्या मानाने किरकोळ असतो. मात्र पहिल्या वर्षाचा दर स्वस्त आणि पुढचा महाग अशी योजना असू शकते, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारून घ्यावा.

शक्य असल्यास 'डॉट कॉम' व 'डॉट इन' ही दोन्ही घ्यावीत. देवनागरीत '.भारत' हे नाव २०१४ पासून मिळते. आपल्या भागातील गिऱ्हाइकाला ते वाचायला सोपे आहे. परंतु देवनागरी ई-मेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही, त्यामुळे ते जोडीला ठेवावे.

नोंद कोणाच्या नावावर?

सर्वांत जास्त फसगत येथे होते. वेबसाइट करून देणारा मुलगा ओळखीचा असतो. तो स्वतःच्या ई-मेलवरून नाव नोंदवतो आणि बिलात सगळे एकत्र लावतो. दोन वर्षांनी त्याने नोकरी धरली किंवा व्यवहारावरून बिनसले की पत्ता अडकतो. जमीन आपण कसत असलो तरी सातबारावर नाव दुसऱ्याचे असेल तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून नोंदणीत धारक म्हणून कंपनीचे नाव असावे. कंपनी अजून स्थापन झाली नसेल तर एका प्रवर्तकाच्या नावावर घ्यावे आणि स्थापनेनंतरच्या पहिल्याच सभेत ठराव करून हस्तांतर करावे. नोंदीतील ई-मेल व मोबाइल क्रमांक कंपनीचा असावा. ई-मेल याच डोमेनवरचा ठेवू नये. मुदत संपून नाव बंद पडले तर सूचनाही त्याच बंद पेटीत जातात.

नाव दुसऱ्याकडे असल्यास

आधी ते वापरात आहे का ते पाहावे. 'वेबॅक मशीन'वर त्या पत्त्यावर पूर्वी काय होते तेही दिसते. जुगार किंवा फसवणुकीसाठी वापरलेले नाव फुकट मिळाले तरी नको. विकत घेताना दर बांधावर ठरवतात तसाच ठरवावा, गरज दाखवू नये. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. नाव आपल्या खात्यात येईपर्यंत पैसे तिसऱ्या विश्वासू संस्थेकडे ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. किंमत आवाक्याबाहेर असेल तर नावात गाव किंवा 'फार्म्स' जोडून पाहावे. कर्ज काढून नाव घेण्याइतके कोणतेच नाव मोलाचे नाही, असे आमचे मत आहे. आपले चालू नाव कोणी वाईट हेतूने 'डॉट इन'मध्ये अडवले असेल तर निक्सीच्या तंटा निवारण पद्धतीने दाद मागता येते. त्यासाठी जुनी बिले, खोक्यांचे नमुने, जाहिरातींची कात्रणे जपून ठेवावीत.

'डॉट कॉम' नावाची मुदत टळली तर काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण होऊ शकते. पुढील ३० दिवसांत ते जादा शुल्क देऊन सोडवावे लागते आणि त्यानंतर ते कोणालाही मिळू शकते. काही वेळा त्याआधीच लिलाव होतो. 'तुमचे नाव परदेशात कोणी नोंदवत आहे, त्वरित पैसे भरा' अशा मजकुराच्या ई-मेलला उत्तर देऊ नये. नूतनीकरण फक्त आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊनच करावे. त्या खात्याचा पासवर्ड बंद लखोट्यात कंपनीच्या कपाटात ठेवावा आणि मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या कामकाजपत्रिकेवर घालावी.