महापालिकेतला आपला पाच टक्के: पिंपरी-चिंचवडमध्ये समाज विकासाचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

जयंतीची वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, भोजनदानाला किती लागले, याचा हिशेब आपल्या वस्तीतला प्रत्येक कार्यकर्ता तोंडपाठ सांगतो. पै-पैचा हिशेब फलकावर लागतो आणि तो लागलाच पाहिजे. पण त्याच वस्तीतल्या विधवा बाईसाठी, दिव्यांग मुलासाठी, बारावी झालेल्या मुलीसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी किती रक्कम ठेवली जाते, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. ही रक्कम वर्गणीपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तीही आपलीच आहे. म्हणून पिंपरी-चिंचवडचे उदाहरण घेऊन ही व्यवस्था नेमकी कशी चालते, ते आम्ही येथे मांडत आहोत. राज्यातील इतर उपनगरी शहरांत विभागांची नावे थोडी वेगळी असतील, पण रचना जवळपास हीच आहे.

कामगारांचे शहर

पुण्याच्या शेजारची ही गावे १९७० मध्ये नगरपालिकेखाली आली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांच्याभोवती वाढलेले शेकडो लघुउद्योग, यांच्या आधाराने मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगरकडून माणसे आली. त्यात बौद्ध समाज मोठ्या संख्येने होता. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती आणि त्यानंतर ती खूप वाढली आहे. शहराला लागूनच देहूरोड आहे. तेथील विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. म्हणजे या पट्ट्यात आपली चळवळ महापालिकेपेक्षा जुनी आहे.

पैसा कुठून येतो

महापालिकेच्या तिजोरीत मुख्यतः चार वाटांनी पैसा येतो. पहिली मिळकतकर. दुसरी बांधकाम परवानगीचे शुल्क. तिसरी पाणीपट्टी आणि इतर शुल्क. चौथी वाट म्हणजे राज्य शासनाकडून मिळणारे जीएसटी भरपाई अनुदान. पूर्वी कारखान्यांमुळे या शहराला जकातीचे भरघोस उत्पन्न होते. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर त्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्य शासन महापालिकेला भरपाई देऊ लागले.

याचा अर्थ साधा आहे. झोपडीत राहणारा माणूस साबण विकत घेतो तेव्हाही जीएसटी भरतो. भाड्याच्या खोलीत राहणारा घरमालकाचा मिळकतकर भाड्यातून भरतो. समाज विकासाच्या योजना म्हणजे कोणी केलेले दान नव्हे. आपल्याच कष्टाचा पैसा अंदाजपत्रकातून परत येतो आहे.

पाच टक्क्यांचे गणित

राज्य शासनाच्या आदेशांनुसार नागरी स्वराज्य संस्थांनी तीन घटकांसाठी वेगळी तरतूद करायची असते. मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी ५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के. दिव्यांगांचा वाटा आधी ३ टक्के होता. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यानंतर तो ५ टक्के झाला.

पण ५ टक्के कशाचे? सगळी गोम येथे आहे. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते, वीजबिल असा टाळता न येणारा खर्च, ज्याला कार्यालयीन भाषेत बांधील खर्च म्हणतात, तो आधी वजा केला जातो आणि उरलेल्या रकमेवर टक्के काढले जातात. समजा महापालिकेचे उत्पन्न १०० रुपये आहे आणि बांधील खर्च ६० रुपये आहे. मग ५ टक्के ४० रुपयांवर निघतात, म्हणजे २ रुपये. बांधील खर्चात एखादी बाब जास्तीची घातली की आपला वाटा आपोआप आक्रसतो. म्हणून नुसते “पाच टक्के ठेवले का” एवढे विचारून भागत नाही. “कोणत्या आकड्याचे पाच टक्के” हा खरा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट वर्गीकरणाची. एका लेखाशीर्षावरची रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षावर वळवण्याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. वर्षअखेर जवळ आली आणि एखाद्या योजनेचे पैसे खर्च झाले नसले की ते दुसरीकडे वळवण्याची शक्यता असते. अर्ज कमी आले, कागद अपुरे निघाले, निविदा रखडली, अशा कारणांनी रक्कम पडून राहते. तरतूद झाली म्हणजे खर्च झाला, असे समजू नये. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ व सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक पाहिला की बरेच काही कळते.

चार दरवाजे

आपल्या माणसाची सर्वात मोठी अडचण मात्र पैशाच्या आधीची आहे. कोणत्या कामासाठी कोणत्या दारात जायचे, हेच ठाऊक नसते. शहर एक असले तरी दरवाजे चार आहेत.

पहिला दरवाजा महापालिकेच्या समाज विकास विभागाचा. पूर्वी त्याचे नाव नागरवस्ती विकास योजना विभाग होते. मागासवर्गीय, महिला आणि दिव्यांग या तिन्ही घटकांच्या महापालिकेच्या स्वतःच्या योजना येथून चालतात. विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य, महिलांना प्रशिक्षण, दिव्यांगांना मदत ही त्यांतली ठळक कामे. २०१६ पासून शासनाचे धोरण वस्तू न वाटता पैसे थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात देण्याचे आहे. त्यामुळे आधारशी जोडलेले बँक खाते नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. महिला बचत गटांचे कामही याच विभागाच्या आसपास चालते. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात पात्र गटाला १०,००० रुपयांचा फिरता निधी मिळण्याची सोय होती. बेघरांच्या निवाऱ्यांचा खर्चही या अभियानाच्या कक्षेत होता.

दुसरा दरवाजा राज्याच्या समाजकल्याण खात्याचा. पुणे जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांचे कार्यालय महापालिकेच्या अखत्यारीत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना येथून चालते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाहासाठी स्वाधारमधून पैसे मिळतात. ही योजना सुरू झाली तेव्हा पिंपरी-चिंचवडसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि बाकी ठिकाणी ४३,००० असे दर ठरले. दलित वस्ती सुधारणेचा निधीसुद्धा सामाजिक न्याय विभागाचा असतो, पण रस्ता, गटार, समाजमंदिर बांधण्याचे काम महापालिका करते. मग काम रखडले की दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

तिसरा दरवाजा तहसील कार्यालयाचा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे अर्ज तेथे जातात. उत्पन्नाचा दाखलाही तेथूनच मिळतो.

चौथा दरवाजा अंगणवाडी आणि आरोग्याचा. नागरी अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या आहेत, तर दवाखाने महापालिकेचे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असते आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती. या समितीला वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी देण्याची तरतूद अभियानात आहे. आपल्या वस्तीत अशी समिती आहे का आणि तिचे खाते कोण चालवते, हे महिला मंडळाने एकदा तरी विचारावे.

या चारही दारांचा मेळ घालणारा एकच अधिकारी शोधायला गेलात तर सापडत नाही. एखाद्या घरात नवरा वारलेला, मुलगा दिव्यांग आणि मुलगी अकरावीत असेल, तर त्या बाईला चार कार्यालयांच्या चकरा माराव्या लागतात. प्रत्येक ठिकाणी जवळपास तेच कागद द्यावे लागतात आणि प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडते. योजनांची यादी लांबलचक असूनही लाभ घरापर्यंत पोहोचत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

कागदांचा अडसर

स्थलांतरित बौद्ध कुटुंबांना जातीच्या दाखल्याचा प्रश्न हमखास येतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या वेळी कुटुंब जेथे राहत होते, तेथील सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. आजोबा परभणीचे असतील तर नातवाचा जन्म पिंपरीत होऊनही कागद परभणीतून आणावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर फक्त “बौद्ध” अशी नोंद असेल तर मूळ जातीचा पुरावा मागितला जातो. राज्यात नवबौद्धांना सवलती आधीपासून होत्या. केंद्राने १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. हा इतिहास आणि त्यासाठी लागणारे कागद मुलांना दहावीच्या आधीच समजावून सांगणे, हे विहाराचे काम आहे. निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत आजोबांच्या गावचा पुरावा गोळा होत नाही.

प्रभाग समितीतील जागा

शहराची आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत आणि त्या पातळीवर प्रभाग समित्या असतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये एक तरतूद आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. प्रभाग समितीवर त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी व वस्ती पातळीवरील संस्थांमधून जास्तीत जास्त तीन जणांचे नामनिर्देशन करता येते. हे सदस्य त्याच भागातील मतदार असावे लागतात. म्हणजे नगरसेवक न होताही वस्तीतला कार्यकर्ता या समितीत बसू शकतो.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती कारभार होता. स्थायी समितीचे आणि सभागृहाचे अधिकारही त्याच हाती होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होऊन १२८ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा आले. सभागृह आले की समित्याही येतात आणि त्यांतल्या नामनिर्देशित जागाही. या जागा राजकीय पक्षांनी आपापल्या माणसांची सोय लावण्यासाठी वापरू नयेत असे वाटत असेल, तर आपल्या नोंदणीकृत संस्थांनी कामाच्या अहवालासह लेखी मागणी केली पाहिजे.

विहारातून काय करता येईल

आम्हाला चार कामे सुचवावीशी वाटतात. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिले, प्रत्येक विहारात आठवड्यातून एक दिवस दोन तासांचा मदत कक्ष. संगणक येणारी दोन मुले-मुली आणि कागदपत्रांची माहिती असलेला एक ज्येष्ठ, एवढे पुरे. चार दरवाजांची माहिती, अर्जांचे नमुने आणि शेवटच्या तारखा भिंतीवर लावाव्यात.

दुसरे, वस्तीची स्वतःची नोंदवही. किती विधवा, किती दिव्यांग, अकरावी-बारावीत किती मुले आणि कोणाचा अर्ज कुठे अडला आहे, याची नोंद ठेवावी. मात्र ही माहिती खासगी आहे. ती फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये.

तिसरे, अंदाजपत्रकाचे वाचन. साधारण फेब्रुवारीत आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात आणि पुढे ते महासभेत जाते. मार्चअखेर ते मंजूर व्हावे लागते. त्याआधीच मागण्या द्याव्यात. वर्षाच्या मध्यावर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून समाज विकासाच्या प्रत्येक लेखाशीर्षावरची तरतूद, खर्च आणि वर्गीकरण मागावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही.

चौथे, एकत्र मागणी. मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त, मुस्लिम वस्त्यांमधील बायकांनाही याच चार दारांत उभे राहावे लागते. समाज विकास विभागाने क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक दिवशी चारही खात्यांची एकत्रित खिडकी लावावी, ही मागणी सगळ्यांची मिळून असावी.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची गोष्ट आहे. राज्यात चोऱ्या वाढल्या तेव्हा पुरोहित त्याला शिक्षा वाढवण्याचा किंवा जास्त कर लावण्याचा सल्ला देत नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे, व्यापार करणाऱ्याला भांडवल आणि चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन दे, असे तो सांगतो. ज्याला ज्याची गरज आहे, त्याला ते मिळण्याची व्यवस्था करणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचा विचार आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे. बाबासाहेबांनी संविधानातून आपल्याला हे हक्काने मागण्याचा अधिकार दिला. येत्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याच वहीत एक पान या पाच टक्क्यांसाठी असावे, एवढीच अपेक्षा.

जय भीम.