पट आपला, पण नियम कोणाचे?



गळीत हंगाम ऐन भरात आला, की आमच्या शेतकी खात्याच्या टेबलावर दोन प्रकारची माणसे येतात. एक तोडचिठ्ठीसाठी आणि दुसरी शंकरपटाच्या वर्गणीसाठी. यंदा एका गावच्या मंडळाची चारपाच पोरे आली. ऊस तुटून गेलेल्या वावरात पट भरवायचा म्हणाली. "परवानगी काढली का?" असे विचारताच त्यांच्यातला थोराड गडी म्हणाला, "साहेब, वावर आमचं, बैल आमचे, पटही आमचाच. मंग परवानगी काहून?"

प्रश्न रास्त आहे. आम्हीही कास्तकाराच्याच घरचे. लहानपणी पटाच्या दिवशी शाळा बुडवून पहाटेच्या थंडीत बापाच्या दुपट्ट्यात बसून गेलो आहोत. म्हणून त्या पोरांना जे सांगितले, ते सर्वांसाठी येथे लिहीत आहोत.

घोड्यांच्या शर्यतीचे उदाहरण घ्या. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे पळतात, तिथे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे राज्य चालते. घोड्याचे नाव, वय, आईबाप, सारे वहीत नोंदलेले. स्वाराने चाबूक जास्त चालवला, तर पंच बोलावून जाब विचारतात. इंग्लंडात असे नियम जॉकी क्लबने घालून दिले. त्या नियमांबाहेर गावोगावच्या माळावर ज्या शर्यती होत, त्यांना तिकडे 'फ्लॅपिंग' म्हणत. अशा शर्यतीत पळालेल्या घोड्याला आणि स्वाराला अधिकृत मैदानाचे दार बंद होई. म्हणजे नियमाबाहेरचा पट फक्त आपल्याकडेच भरतो असे नाही.

आपल्या पटाची अडचण निराळी. पट जुना, पण त्याच्यावर कोणतीही एक संस्था नव्हती. ज्या गावचा पट, त्या गावचे मंडळ पंच, आणि तेच न्यायाधीश. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकच जोडी सोडून सेकंद मोजतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला तर बाया धुरकरी होऊन छकडा हाकतात. भंडारा-गोंदियाकडे दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, ही जोडी कोणी तोडू शकत नाही. हे सारे चांगलेच. पण आर लावलेल्या तुतारीने बैल रक्ताळला, शेपटी पिरगाळली, तर त्या धुरकऱ्याला "पुढच्या पटाला येऊ नको" असे सांगणारे कोणी नव्हते. आपण सांगितले नाही, म्हणून मग कायद्याने सांगितले.

11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी कायम केली. 2017 साली महाराष्ट्राने आपला कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक यांचे कायदे वैध ठरवले.

मधल्या काळात पट थांबले होते काय? बिलकुल नाही. ऑगस्ट 2021 मध्ये सांगली जिल्ह्यात झरे गावी बंदी झुगारून शर्यत झालेली सर्वांनी वाचली. आपल्याकडेही तांबडे फुटायच्या आत, मोबाइलवर निरोप देऊन जोड्या सुटत. अशाच एका पटात आपल्या एका सभासदाचा गवळाऊ बैल पाटाच्या चारीत पाय जाऊन पडला. पांढराशुभ्र, हलक्या अंगाचा, चार वर्षे घरात पोरासारखा वाढवलेला. जमलेली माणसे पोलिसांच्या भीतीने पाच मिनिटांत पांगली. जनावरांच्या डॉक्टरला फोन करायला कोणी धजेना, कारण जागा सांगितली असती तर गुन्हा अंगावर आला असता. दुपारपर्यंत तो बैल तसाच पडून होता. आम्ही पोहोचलो तेव्हा मालक त्याच्या डोक्यावर ओले पोते धरून बसला होता. तो बैल पुन्हा उभा राहिला नाही. त्या हंगामात त्या माणसाने ऊस भाड्याच्या गाडीने आणला, आणि काट्यावर आमच्याशी नजर मिळवली नाही.

म्हणून आम्ही परवानगीच्या बाजूचे आहोत. 2017 च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, 50,000 रुपयांची अनामत भरावी लागते, धावण्याची वाट 1,000 मीटरपेक्षा लांब चालत नाही. बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, काठी, चाबूक, विजेचा झटका बंद, आणि सारे चित्रण करून द्यावे लागते. नियम मोडल्यास 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे. अनामतीची रक्कम लहान गावाला जड जाते, हे आम्हालाही पटते. चार गावांनी मिळून एक पट घेतला, तर ती झेपेल. पैजेचे मात्र मनातून काढा. परवानाधारक घोडामैदानावरची पैज कायद्याला चालते, पटावरची पैज जुगारच ठरते.

हे सांगताना पोरांनी आम्हालाही पकडले. "साहेब, पटात बैल वीस सेकंद पळते. तुमच्या गेटवर उसाची गाडी जुंपून रात्रभर उभं राहते, त्याचं काय?" आम्ही गप्प झालो, कारण खोटे नव्हते. ओझ्याच्या जनावरांबाबत 1965 चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नको, सलग 5 तासांवर विश्रांतीशिवाय नको, आणि पारा 37 अंशांवर असेल तेथे दुपारी 12 ते 3 जुंपायचे नाही. फेब्रुवारी सरल्यावर आपल्या नागपूरच्या उन्हात पारा सहज त्याच्या वर जातो. गेटवर बैल सोडून बांधायला सावलीची जागा आणि पाण्याची टाकी वाढवण्याचा प्रस्ताव आम्ही लिहून दिला आहे. संचालक मंडळाने मनावर घ्यावे.

आणखी एक. वाहतुकीत खांदा सुजलेला बैल पटात घालू नका. महिनाभर ऊस ओढलेल्या बैलाला निदान आठवडाभर मोकळा सोडा, तेल-हळद लावून खांदा बरा होऊ द्या. पटाची जोडी वेगळी आणि गाडीची वेगळी ठेवता आली, तर उत्तमच. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची जात दुडक्या चालीसाठीच नावाजलेली. पट बंद पडला, तर ट्रॅक्टरच्या काळात तिला विचारणार कोण, ही भीती आम्हालाही वाटते.

ती पोरे चहा घेऊन गेली. चार दिवसांनी थोराड गडी एकटाच आला, शेजारच्या तीन गावांच्या सह्या घेऊन. अर्जाचा मसुदा आम्हीच लिहून दिला. ज्या मंडळांना हवा असेल, त्यांनी बुधवारी बाजाराच्या दिवशी शेतकी खात्यात यावे. येताना जागेचा सातबारा आणि प्रत्येक बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर लिहून आणावा.