'सोमवारपर्यंत होणार नाही' हे इंग्रजीत लिहिताना 'बाय' लिहायचं की 'अनटिल'?

हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणाऱ्या मित्राचा किस्सा आहे. शुक्रवारी संध्याकाळी परदेशातल्या क्लायंटचा मेल आला, फाईल कधी मिळेल? फाईल सोमवारी सकाळी तयार होणार होती. शनिवार-रविवार कुणीही हात लावणार नव्हतं. म्हणजे मराठीत सांगायचं तर, 'सोमवारपर्यंत फाईल होणार नाही.' भावाने तेच वाक्य डोक्यात धरलं आणि इंग्रजीत टाईप केलं, 'द फाईल विल नॉट बी रेडी बाय मंडे.' लॅपटॉप मिटला, घरी गेला.

क्लायंटने त्याचा अर्थ काय घेतला? सोमवार उजाडला तरी फाईल मिळणार नाही. मग मंगळवारी? पुढच्या आठवड्यात? काहीच पत्ता नाही. रात्री साडेदहाला मॅनेजरचा फोन. मित्राला कळेचना की चुकलं कुठे, कारण फाईल तर तो सोमवारी देणारच होता.

चुकला होता एकच शब्द. तिथे 'बाय' नाही, 'अनटिल' हवं होतं. आणि गंमत म्हणजे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने एकदम बरोबर होतं. स्पेलचेकने लाल रेघ मारली नाही, मारणारही नव्हता. अर्थ मात्र उलटा गेला.

घोळ कुठून सुरू होतो?

आपल्या 'पर्यंत'पासून. मराठीत 'सोमवारपर्यंत काम देतो' म्हटलं की ती मुदत असते. 'सोमवारपर्यंत सुट्टीवर आहे' म्हटलं की तो कालावधी असतो. दोन वेगळ्या गोष्टी, शब्द एकच, आणि आपलं काही अडत नाही. समोरचा संदर्भावरून समजून घेतो.

इंग्रजीने मात्र हे काम दोघांत वाटून दिलंय. 'बाय' कॅलेंडरवरच्या एका खुणेकडे बघतो. त्या खुणेला पोचलो तेव्हा काम झालेलं आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. 'अनटिल' त्या खुणेपर्यंतचा सगळा रस्ता बघतो. एखादी स्थिती तिथवर चालू राहते आणि मग बदलते.

साध्या वाक्यात आपण हे बहुतेक वेळा निभावून नेतो. 'नॉट' आला की फसतो. 'नॉट बाय मंडे' म्हणजे सोमवारच्या खुणेलाही काम बाकीच. 'नॉट अनटिल मंडे' म्हणजे काम नसण्याची स्थिती सोमवारपर्यंत, आणि सोमवारी ती संपणार. म्हणजे या दुसऱ्या वाक्यात नकार दिसत असला तरी आत एक होकार लपलेला आहे, सोमवारी मिळेल. मित्राला तो होकारच पाठवायचा होता.

आता यातली एक भारी गोष्ट बघा. 'ही विल अराईव्ह अनटिल मंडे' हे वाक्य इंग्रजीत चालत नाही. पोचणं ही एका क्षणाची गोष्ट आहे. ती सोमवारपर्यंत चालू कशी राहणार? पण त्यातच 'नॉट' घाला, 'ही वोन्ट अराईव्ह अनटिल मंडे', आणि वाक्य ठणठणीत होतं. कारण पोचणं क्षणाचं असलं तरी न पोचणं चार दिवस चालू राहू शकतं. नकारामुळे क्षणाचा कालावधी होतो, आणि 'अनटिल'ला तेच हवं असतं. यामागचं नेमकं कारण काय, यावर भाषाशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. आपल्या मेलपुरतं एवढं पुरेसं आहे.

एक 'नाही' जास्त

याच 'अनटिल'चा दुसरा खड्डा आपल्या मराठीनेच खणलेला आहे. आपण म्हणतो, 'जोपर्यंत पैसे येत नाहीत, तोपर्यंत काम सुरू होणार नाही.' दोन नकार, आणि मराठीत ते अगदी नैसर्गिक वाटतात. हिंदीतही 'जब तक'बरोबर 'नहीं' येतो. मग फ्रीलान्सर पोरं-पोरी बिनधास्त लिहितात, 'अनटिल यू डोन्ट पे, वी विल नॉट स्टार्ट.'

इंग्रजीत 'अनटिल' त्या वळणबिंदूचं नाव सांगतो, आणि इथे वळणबिंदू आहे पैसे येणं. म्हणून 'वी विल नॉट स्टार्ट अनटिल यू पे.' पहिला नकार उडवायचा. भारतातला क्लायंट चुकीच्या वाक्यातूनही मुद्दा समजून घेईल, कारण त्याच्याही डोक्यात 'जब तक'च असतो. बाहेरचा माणूस मात्र 'तुम्ही पैसे न देईपर्यंत' या कोड्यात अडकतो. हेच वाक्य कराराच्या मसुद्यात गेलं, तर हसण्यावारी नेता येत नाही.

ऑफिसबाहेर असल्याच्या ऑटो-रिप्लायचंही तसंच. 'ऑन लीव्ह अनटिल मंडे' वाचून सोमवारी तुम्ही कामावर आहात की नाही, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही खात्रीने सांगता येत नाही. 'बॅक ऑन मंडे' लिहिलं की विषय संपतो. आमच्या मित्राने त्या रात्री अकराच्या सुमाराला दुसरा मेल टाकला, त्यात 'नॉट' नव्हतं, 'बाय' नव्हतं, 'अनटिल'ही नव्हतं. 'यू विल गेट इट ऑन मंडे मॉर्निंग.' दोन मिनिटांत 'थँक्स' आलं.

नकाराशिवाय न जगणारे शब्द

'आय हॅवन्ट सीन हिम इन इयर्स' हे वाक्य वेब सिरीजमध्ये शंभरदा ऐकलं असेल. आता त्यातला नकार काढून बघा, 'आय हॅव सीन हिम इन इयर्स.' वाक्य मेलं. 'इन इयर्स' किंवा 'इन एजेस' या अर्थाने यायला बाजूला नकार लागतो. 'एनी', 'यट', 'अ‍ॅट ऑल' हे शब्दही बरेचसे त्याच गटातले, म्हणजे नकार किंवा प्रश्न दिसला की हजर. भाषाशास्त्रात त्यांना 'निगेटिव्ह पोलॅरिटी आयटम' असं भारदस्त नाव आहे.

नाव परकं वाटेल, गोष्ट परकी नाही. तो 'चकार शब्द बोलला नाही' असं आपण म्हणतो. चकार शब्द बोलला, असं कुणी म्हणतं का? कुणी 'तसूभर हलला नाही' असतो, तसूभर हलला असं ऐकायला मिळत नाही. तेच हे.

यात आकडा आला की जपायचं. 'दे हॅवन्ट पेड मी इन टू मंथ्स' म्हणजे दोन महिने झाले, दमडी मिळालेली नाही. 'दे पेड मी इन टू मंथ्स' म्हणजे दोन महिन्यांत पैसे दिले. 'इन टू मंथ्स' तेच. नकार बाजूला बसला की तो रखडलेला काळ मोजतो, नसला की लागलेला काळ.

'फ्रॉम' की 'ऑफ'?

इंटरव्ह्यू होऊन पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. एचआरला आठवण करून द्यायची आहे. 'आय हॅवन्ट हर्ड फ्रॉम यू' लिहिलं तर अर्थ होतो, तुमच्याकडून काही कळलं नाही. 'आय हॅवन्ट हर्ड ऑफ यू' लिहिलं तर अर्थ होतो, तुमचं नावच कधी ऐकलेलं नाही. नोकरी मागताना दुसरं वाक्य पाठवणं म्हणजे कठीणच.

असं होतं कारण आपल्याकडे शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं. 'तुमच्याकडून', 'त्याच्यावर', 'त्याबद्दल'. इंग्रजीतली प्रिपोझिशन नामाच्या आधी येते, पण बऱ्याचदा तिचं खरं नातं क्रियापदाशी असतं, आणि कुठल्या क्रियापदाला कोणती, हे तेच क्रियापद ठरवतं. 'नॉट' या जोडीच्या मध्ये शिरत नाही. तो पुढे जाऊन 'डू', 'हॅव', 'विल' अशा मदतनीस क्रियापदाला पकडतो. शेक्सपिअरच्या काळात तो मुख्य क्रियापदाच्या मागेही सर्रास यायचा, 'आय नो नॉट' असं. मूळ जुन्या इंग्रजीत तर नकाराचं काम 'ने' हा शब्द करायचा, तोही क्रियापदाच्या आधी. आजचा 'नॉट' हा 'काहीही नाही' अशा अर्थाच्या शब्दाचा झिजलेला अवतार. पुरवणी म्हणून आला आणि मालक झाला.

मग आपण काय करतो? मराठी अव्यय उचलून तिकडे लावतो. 'त्याच्यावर ओरडू नको'चं 'डोन्ट शाउट ऑन हिम' होतं, हवं असतं 'अ‍ॅट हिम'. 'त्याबद्दल चर्चा नको'चं 'डोन्ट डिस्कस अबाउट इट' होतं, तिथे 'अबाउट' लागतच नाही. 'अ‍ॅग्री'ला मात्र दोन जोडीदार आहेत. 'आय डिडन्ट अ‍ॅग्री विथ हिम' म्हणजे त्याचं मत पटलं नाही. 'आय डिडन्ट अ‍ॅग्री टू इट' म्हणजे मी त्याला संमती दिली नाही. भाडेकरारावरून घरमालकाशी वाजलं, तर तुम्हाला दुसरं वाक्य लागेल.

आणि वाक्याच्या शेवटी लटकलेली प्रिपोझिशन? 'देअर इज नथिंग टू वरी अबाउट', 'आय हॅव नोबडी टू टॉक टू'. मराठीत 'कुणाशी', 'कशाची' असं म्हणताना नातं आधीच सांगून झालेलं असतं, त्यामुळे शेवटी काही उरत नाही आणि आपण तो शेवटचा 'अबाउट' किंवा 'टू' सरळ गाळतो. काहींना शाळेत 'प्रिपोझिशनने वाक्य संपवू नये' असंही शिकवलेलं असतं. ही तक्रार जुनी आहे. कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या अशा वाक्यांवर बोट ठेवलं होतं. साडेतीनशे वर्षं झाली, इंग्रजी बोलणारे ऐकायला तयार नाहीत. तुम्हीही तो 'टू' बिनधास्त ठेवा, गाळलात तर चूक तुमची धरली जाईल.