हिरव्या शाईने गाणे सुधारते काय?

सीडीची कड हिरव्या शाईने रंगवली की गाणे अधिक सुरेल ऐकू येते, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. पण १९९० च्या सुमारास अमेरिकेतील कित्येक संगीतशौकीन खरोखरच असे करीत. त्यासाठी खास पेनेही विकली जात!

कल्पना वरवर पटण्याजोगी होती. सीडी लेसर किरणाने वाचली जाते. त्यातील थोडा प्रकाश प्लॅस्टिकमध्ये विखुरतो आणि कडेवरून परत येऊन वाचनात गोंधळ करतो. लेसर तांबडा, तेव्हा हिरवी शाई तो शोषून घेईल, असा तो तर्क.

आता हा तर्क तपासू. सीडी वाचणाऱ्या किरणाची तरंगलांबी सुमारे ७८० नॅनोमीटर असते, म्हणजे तो अवरक्त असतो. डोळ्यांना हिरवी दिसणारी शाई अवरक्त प्रकाश शोषेलच असे नाही. दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. सीडीवर ध्वनी अंकांच्या रूपात साठवलेला असतो. यंत्राला फक्त ० की १ एवढेच ठरवायचे असते. प्रकाश किंचित कमीअधिक झाला म्हणून ० चा १ होत नाही. शिवाय चुका ओळखून दुरुस्त करता याव्यात म्हणून सीडीवर जादा अंक नोंदवलेले असतात. रंगवण्यापूर्वीचे आणि नंतरचे अंक संगणकावर ताडून पाहिले, तर ते तेच निघतात.

मग शौकिनांना फरक जाणवला कसा? ते खोटे बोलत नव्हते. कानावर पडलेल्या ध्वनीचा अर्थ मेंदू लावतो, आणि 'आता सुधारणा होणार' ही अपेक्षा त्यात मिसळते. दुसऱ्यांदा आपण लक्ष देऊन ऐकतो, तेव्हा आधी निसटलेले बारकावेही सापडतात.

यावर एक सोपी कसोटी आहे. एकाच सीडीच्या दोन प्रती घ्या व एकीची कड रंगवा. मित्राने पडद्याआड प्रत्येक वेळी छापा-काटा करून एक प्रत वाजवावी. आवाजाची पातळी बदलू नये. मित्राने एक शब्दही बोलू नये, कारण त्याच्या सुरावरूनही उत्तर कळते! कोणती प्रत वाजली ते तुम्ही लिहा. असे १० वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये १ आहे. पण ७ बरोबर आली तर हुरळून जाऊ नका. अंदाजाने ७ किंवा अधिक उत्तरे १०२४ पैकी १७६ वेळा, म्हणजे सुमारे सहातून एकदा, बरोबर येतात. अशा वेळी प्रयोग पुन्हा करावा.

महागड्या तारांविषयीचे दावेही याच रीतीने तपासता येतील. मात्र किती वेळा ऐकायचे, हे आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा.